शिवडीच्या खाजणापर्यंत आमची चाकं जाऊ द्या, पण आमच्या नावाने काँक्रीट नको

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगून टाकते. शिवडीच्या खाडीकाठी, जिथे दर हिवाळ्यात रोहित पक्षी (आपण सगळे फ्लेमिंगोच म्हणतो) उतरतात, तिथे व्हीलचेअर, वॉकर, काठी, बाळाची गाडी घेऊन जाता येईल अशी एक साधी, खांबांवर उचललेली, फळ्यांची पायवाट हवी. प्रॉमेनेड नको. सेल्फी पॉइंट नको. फूड कोर्ट तर अजिबातच नको. आणि "अपंगांची सोय" असं नाव देऊन कोणी चिखलावर भराव टाकायला निघालं, तर पहिली आडवी मी येईन.

आता सविस्तर.

मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, नवीन मंडळींसाठी सांगते. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर, हातात कुबडी, आणि गेली काही वर्षं लांब जायचं असलं की व्हीलचेअर. जन्म चिंचपोकळीचा, लग्नानंतरही चिंचपोकळीच. "दिव्यांग" म्हणा नाहीतर "अपंग", मला शब्दाने फरक पडत नाही, पायरीने पडतो.

चिंचपोकळीपासून शिवडीची खाडी किती लांब? जेमतेम तीन-चार किलोमीटर. लालबाग ओलांडा, काळाचौकी, मग हार्बर लाइनचे रूळ, आणि पलीकडे बंदराची जमीन. कावळा दहा मिनिटांत जाईल. माझ्यासारखीने रेल्वेने जायचं ठरवलं तर? चिंचपोकळी सेंट्रलवर, शिवडी हार्बरवर. म्हणजे आधी उलट्या दिशेने सँडहर्स्ट रोडला जायचं, तिथे खालचा फलाट सोडून वरच्या फलाटावर चढायचं, आणि मग शिवडी. तीन किलोमीटरसाठी एवढा द्राविडी प्राणायाम. त्यात आपला चिंचपोकळीचा पूल. दर गणपतीला पालिकेची सूचना येतेच, पुलावर थांबू नका, नाचू नका, गर्दी करू नका. चिंतामणीच्या आगमनाला जमणारी गर्दी पाहता सूचना योग्यच आहे. पण माझं म्हणणं, जिथे नाचायला बंदी आहे तिथे निदान सरळ चालता तरी यावं. असो. शेवटी काळीपिवळी करावी लागते, आणि व्हीलचेअर डिकीत बसते की नाही हे गॅसच्या सिलिंडरवर अवलंबून.

शिवडीला एकदा गेले आहे. एकदाच. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी पक्षी बघायचा कार्यक्रम ठेवला होता. नाव घेत नाही, माणसं चांगली होती. फोनवर विचारलं, व्हीलचेअर चालेल का? म्हणाले, "हो हो ताई, सगळं फ्लॅट आहे." फ्लॅट होतंच, पण खडी, दगड आणि ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चरांचं फ्लॅट. शेवटच्या टप्प्याला दोन मुलांनी मला खुर्चीसकट उचललं. बाजूला शाळेची पोरं होती, ती रोहित सोडून माझ्याकडे बघायला लागली. मीही पाच मिनिटं पक्षी बघितलेच नाहीत, खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. ज्यांना कधी कुणी उचललेलं नाही त्यांना हे कळायचं नाही. उचलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, त्या वेळी आपण माणूस नसतो, सामान असतो.

मग खाली टेकवलं आणि मी बघितलं.

त्याचं वर्णन मी करत नाही, फोटो तुम्ही दरवर्षी बघताच. एवढंच सांगते, की राणीच्या बागेत पेंग्विन ठेवायला आपण परदेशातून पक्षी मागवले, त्यांना थंडगार घर बांधून दिलं. इथे कच्छ-भावनगरकडून हजारो पक्षी आपले आपण येतात, आपल्या खर्चाने, आणि आपल्याच गटारांच्या पाण्यावर वाढलेलं शेवाळ खाऊन राहतात. ठाणे खाडीतली बीएनएचएसची मोजणी लाखाच्या पुढे गेलेली आहे. शिवडीला ते १९९०च्या दशकापासून नियमित दिसतात. म्हणजे गिरण्या बंद पडत होत्या त्याच काळात हे पाहुणे स्थिरावत होते. माझ्या वडिलांच्या पिढीतले किती जण तीन किलोमीटरवरचे हे पक्षी न बघता गेले, याची मोजणी कुणी केलेली नाही.

थोडं या चिखलाबद्दल सांगते, कारण पायवाट कशी हवी हे चिखल कळल्याशिवाय कळत नाही.

शिवडी-माहुलचा पट्टा म्हणजे भरती-ओहोटीच्या मधली दलदल. ओहोटीला पाणी मागे सरकतं, मैलभर करडा चिखल उघडा पडतो. आपल्याला तो घाण वाटतो. त्यात किडे, शिंपले, खेकडे, निवट्या आणि डोळ्यांना न दिसणारं शेवाळ ठासून भरलेलं असतं. रोहित चोच उलटी करून पाणी गाळतो आणि शेवाळ खातो. गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो, म्हणून पिल्लं करडी असतात. शेकाट्या, तुतारी आपापल्या चोचीच्या लांबीप्रमाणे वेगवेगळ्या खोलीतलं खातात. काठाला तिवरं. त्यांची श्वास घेणारी मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. त्यावर माणसं चालली, भराव पडला, की झाड गुदमरतं. चिखलाची मजा अशी, की तो वरून रिकामा दिसतो. "पडीक जमीन" म्हणून फाइलवर लिहायला एकदम सोपा.

आणि वेळ. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब पांगलेले असतात, गुलाबी ठिपके. पाणी चढायला लागलं की ते पुढे पुढे काठाकडे सरकतात. बघायचं तेव्हा. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, आणि रोज साधारण पाऊण तास पुढे. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, तिथीवरून बोटांवर मोजून सांगतील. याचा अर्थ, दहा ते पाच उघडणारं, सोमवारी बंद असणारं, सरकारी वेळेचं काही इथे बांधलं तर निम्मे दिवस ते बिनकामाचं. फाटकावर पंचांगासारखा भरतीचा फळा हवा. मोठ्या अक्षरात, मराठीत.

आता कुणी म्हणेल, दलदलीत कसली आलीय व्हीलचेअर. जंगल आहे ते, जंगलासारखंच राहू द्या. ही मंडळी बहुतेक स्वतः धडधाकट असतात. त्यांना सिंगापूरचं सुंगेई बुलोह सांगते. तिथे पूर्वी कोळंबीची आणि माशांची तळी होती. १९८६ मध्ये काही पक्षीमित्रांच्या लक्षात आलं की स्थलांतरी पक्षी इथे मोठ्या संख्येने उतरतात. त्यांनी सरकारकडे धरणं धरलं, १९८९ मध्ये जागा राखली गेली, पाण्याची आवक-जावक बांधबंदिस्ती करून नीट केली, १९९३च्या डिसेंबरात ती लोकांना खुली झाली. तिथे खारफुटीतून पाचशे मीटरची फळ्यांची वाट आहे, खांबांवर उचललेली. भरतीचं पाणी खालून येतं, वरून व्हीलचेअर जाते. पक्षी पळून गेले नाहीत. २००२ मध्ये तर त्या जागेला आणखी वरचा, निसर्ग राखीवाचा दर्जा मिळाला.

सिंगापूर नको? बरं, घरचं घेऊ. ऐरोलीला वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे तिवरांतून उंच पायवाट आहे. आणि माहीमचं निसर्ग उद्यान. आपल्यातल्या जुन्यांना आठवत असेल, मिठीच्या काठची ती जागा म्हणजे शहराचा उकिरडा होता. तिथे १९८३ मध्ये सलीम अलींनी पहिलं झाड लावलं, आणि १९९४ मध्ये सदतीस एकरांचं जंगल लोकांसाठी उघडलं. उकिरड्याचं जंगल करणारं हे शहर आहे. तीन-चारशे मीटर फळ्या बसवणं त्याला जड जाणार नाही.

सुधारलेली पाणथळ म्हणजे काय, याचं ताजं उदाहरण खाडीपलीकडे, नेरुळच्या डीपीएस तलावात आहे. २०२४च्या उन्हाळ्यात तिथे भरतीचं पाणी यायचा मार्ग बंद झाला, तलाव सुकला आणि रोहित मेले. लोकांनी आरडाओरडा केला, तज्ज्ञांची समिती बसली, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलाव संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. अख्खा तलाव कशावर अडला होता, तर पाणी येण्याच्या वाटेवर. म्हणून शिवडीला जे काही कराल त्याची पहिली अट ही, की भरतीच्या पाण्याला एक इंचही आडकाठी नको. भरावावरचा रस्ता नको, खांबांवरची वाट हवी, असं मी म्हणते त्यामागे हेच आहे. हौस म्हणून नाही म्हणत.

कायद्याचंही बघून घेऊ, कारण कुणी ना कुणी म्हणणारच की सीआरझेडमध्ये काही करता येत नाही. जानेवारी २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत, सगळ्यात नाजूक पट्ट्यातसुद्धा, खारफुटीतल्या पायवाटा आणि निसर्गवाटा यांना जागा ठेवलेली आहे. अट अशी की मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात त्याची योजना असली पाहिजे. म्हणजे दार बंद नाही, दारावर कडी आहे, आणि ती असायलाच हवी. दुसरीकडे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीला आणि तिच्या भोवतीच्या पन्नास मीटरला संरक्षण दिलं. १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं: खारफुटीचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग. हे दोन्ही निकाल मी डोक्यावर घेते. ज्या शहराने २६ जुलै २००५ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस बघितला, ज्याच्या हिंदमाताला अजूनही दर पावसाळ्यात जीव मुठीत धरावा लागतो, त्याने पाणी मुरायची आणि पसरायची जागा जपलीच पाहिजे. आपलं हे परळ-भायखळा तरी दुसरं काय होतं? महालक्ष्मीची खिंड बांध घालून बंद होईपर्यंत तिथून शिरणारं भरतीचं पाणी भायखळ्याच्या सखल भागापर्यंत यायचं. आपण सगळे बुजवलेल्या खाजणाच्या आसपासच राहतो.

आता आमचा कायदा. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात सार्वजनिक जागेच्या व्याख्येत शाळा, दवाखाना, स्टेशन यांच्याबरोबर विरंगुळ्याच्या जागाही आहेत. मौजमजा हा हक्क आहे, हे मला स्वतःला कायदा वाचेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे नेहमी औषध, सर्टिफिकेट, पेन्शन एवढंच बोललं जातं. आमच्यातलं कोणी पक्षी बघायला जाईल ही कल्पनाच नसते. आणि ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगून टाकलं, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे किमान नियम करा, तीन महिन्यांत करा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगांची संख्या साडेएकोणतीस लाखांच्या वर होती. त्यात गुडघे गेलेले आजी-आजोबा, अर्धांगातून उठलेले, सातव्या महिन्यातल्या बाया धरलेल्याच नाहीत. लालबाग-परळच्या कुठल्याही चाळीत तिसऱ्या मजल्यावर जाऊन बघा. गिरणीत चाळीस वर्षं उभं राहून काढलेली माणसं गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली आहेत, कारण खाली उतरलं तर परत चढवणार कोण?

"किती लोक येणार तुमच्यासारखे?" हा प्रश्न मला एका कार्यालयात सरळ तोंडावर विचारला गेलाय. दुसऱ्याच कामासाठी गेले होते. उत्तर तेव्हा सुचलं नाही, आता देते. पूल नसलेल्या नदीवर किती लोक ये-जा करतात ते मोजून पुलाची गरज ठरवत नाहीत हो साहेब.

आता वाट कशी असावी. यात मी जरा रमणार आहे, माफ करा, कारण कोणीच हे आम्हाला विचारत नाही.

रुंदी. समोरासमोर दोन व्हीलचेअर जातील एवढी, म्हणजे १.८ मीटर. आपल्याकडे फुटपाथसाठीही हाच किमान आकडा सांगितलाय, आणि लालबागच्या फुटपाथवर तो शोधून दाखवा. उतार १ला १२ पेक्षा तीव्र नको. फळ्यांमधली फट बोटभरापेक्षा कमी, आणि फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या. उभ्या लावल्या तर पुढचं छोटं चाक फटीत अडकतं आणि माणूस तोंडावर. कडेला ठेंगणी पट्टी हवी, चाक घसरून चिखलात जाऊ नये म्हणून. पांढऱ्या काठीने चालणाऱ्यालाही तीच पट्टी कड दाखवते. दर पन्नास-साठ मीटरला बाक आणि बाजूला खुर्ची उभी करायला जागा, वळायला दीड मीटर. सावली.

आणि कठडा! कठडा बांधणारा माणूस नेहमी उभा असतो. त्यामुळे कठड्याची आडवी दांडी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येते. समुद्रकाठी, बागेत, पुलावर, कुठेही बघा. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण सव्वा मीटरच्या आतबाहेर असते. तिथे दांडी आली की पुढचे सगळे पक्षी कापले जातात. सात वर्षांच्या पोराचंही तेच होतं. काही ठिकाणी कठडा जाळीचा करा, दुर्बीण ठेवण्याची एक खिडकी खाली काढा. खर्च शून्य, फक्त आराखडा काढणाऱ्याने एकदा खुर्चीत बसून बघायला हवं.

डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना तिथे काय मिळणार, असंही विचारतात. अहो, हजार पक्षी एकदम गुरगुरतात तो आवाज, चढत्या पाण्याचा चिखलातला बुडबुड, तो खारट कुजका वास. हाताने चाचपता येतील अशी दोन-तीन चोचींची मॉडेल्स ठेवा, वाकडी रोहिताची, सरळ शेकाट्याची. डोळसांनाही तेवढंच समजेल. आणि स्वच्छतागृह. हे शेवटी लिहिते आहे पण बाई म्हणून सांगते, पहिलं हे बघते मी. जिथे जाऊ शकत नाही तिथे मी सकाळपासून पाणी पीत नाही. माझ्यासारख्या अनेक जणी तेच करतात.

पक्षीमित्रांची भीती मला मान्य आहे. गर्दी होईल, ड्रोन उडतील, कुणी तरी स्पीकर लावेल, वेफर्सची पाकिटं पडतील. खरं आहे, आपण लोक असेच आहोत. पण आत्ता काय होतंय? आत्ता ज्याला दगडांवरून उड्या मारता येतात तो पार चिखलाच्या काठापर्यंत जातो, पक्षी उडवतो, उडतानाचा फोटो काढतो. ठरलेली वाट असली की माणूस वाटेवर राहतो, आणि एका वेळी किती जण, हेही ठरवता येतं. वाट नेमक्या कुठून जावी, पक्ष्यांपासून किती लांब थांबावी, हे बीएनएचएससारख्या जाणत्यांनी ठरवावं. मला पक्ष्याच्या मांडीवर जाऊन बसायचं नाही. शंभर मीटरवरून, सरळ बसून, कुणाच्या हातावर न लटकता बघायचंय.

माझी खरी भीती वेगळी आहे. मुंबई बंदराच्या जमिनी आणि पूर्व किनारा लोकांना खुला करण्याच्या योजना २०१४च्या राणी जाधव समितीपासून ऐकतोय आपण. मरीना, क्रूझ, उद्यानं, बरंच काही. प्रत्येक योजनेच्या चित्रात एक झाड, एक सायकलवाला आणि एक व्हीलचेअरवालं असतंच. ती चित्रातली व्हीलचेअर बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. कारण तिच्या चाकाखाली नेहमी गुळगुळीत टाइल्स असतात, आणि टाइल्सच्या खाली भराव. "सर्वांसाठी सुगम" म्हणून पाटी लागेल, आणि ज्यासाठी तिथे जायचं तेच उरणार नाही. शिवडीच्या चिखलाला तर पक्कं कायदेशीर छत्रही नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, ते ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. शिवडी त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. ज्या जागेचे फोटो सगळ्यात आधी प्रसिद्ध झाले, तीच बाहेर.

त्यात अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालं, २१.८ किलोमीटर, सतरा हजार कोटींच्या वर खर्च. सुरुवात शिवडीच्याच चिखलावरून. पक्ष्यांना त्रास नको म्हणून तिथे आवाज अडवणारे पडदे लावले, चांगलं केलं. त्या पुलावर पायी जाता येत नाही, हेही बरोबरच. आता वरळीहून येणारा उन्नत रस्ताही तिथेच टेकणार आहे. म्हणजे या खाजणावरून न्हावा शेव्याला जायची सोय झाली, वरळीहून यायची होते आहे. ज्याला इथेच उतरून तासभर बसायचं आहे त्याची तेवढी राहिली. आणि त्याला लागणारी रक्कम त्या खर्चाच्या हिशेबात राउंडिंगमध्ये जाईल.

मलबार हिलला २०२५च्या मार्चअखेर पालिकेने झाडीतून जाणारी उंच लाकडी वाट खुली केली. ४८५ मीटर, तिकीट २५ रुपये, सिंगापूरच्या धर्तीवर. मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू. पण मग पालिकेला असं काम येतं, हे सिद्ध झालं ना? मलबार हिलच्या झाडांना जे सुचलं ते शिवडीच्या तिवरांना का नाही सुचत? जमीन बंदराची आहे, पालिकेची नाही, हे उत्तर मला पाठ आहे. जमीन कुणाचीही असो, बसून बोलणी करायला पूल लागत नाही.

म्हणून आता मागणं. बंदर प्राधिकरण, एफ दक्षिण विभाग कार्यालय आणि राज्याचा कांदळवन कक्ष या तिघांकडे एकच अर्ज जाणार आहे, मसुदा तयार आहे. आधी शिवडीच्या दलदलीला संवर्धन राखीव किंवा तत्सम दर्जा, नंतर वाट. क्रम उलटा केला तर अर्ज मागे घेईन, असं त्यातच लिहिलंय. वाट सुरुवातीला छोटी चालेल, आजच्या पक्क्या जागेवरून निघणारी दोनशे मीटरसुद्धा. आणि शिवडी स्टेशनपासून तिथपर्यंतचा रस्ता त्याच कामात धरायचा, कारण वाट कितीही सुंदर केली आणि तिच्यापर्यंत पोचायला ट्रकच्या मधून खुर्ची रेटावी लागली तर ती आमच्यासाठी नाहीच. हंगामात, म्हणजे डिसेंबर ते मे, भरतीच्या वेळा बघून लालबागहून रॅम्पवाली एक लो-फ्लोअर बस सोडा. रोज नको, शनिवार-रविवार पुरे.

अर्जाला जोडायला एक गोष्ट कमी आहे, ती तुमच्या मदतीशिवाय व्हायची नाही. शिवडी स्टेशनच्या पूर्वेकडून खाडीपर्यंतचा रस्ता मोजायचाय. कुठे किती उंचीची पायरी, कुठे फुटपाथ संपतो, कुठे गटाराचं झाकण नाही, कुठे सावली. मोजपट्टी, वही आणि खुर्ची माझी. सोबत चार-पाच जण हवेत, त्यातला एखादा सिव्हिलचा विद्यार्थी असला तर उत्तम, आणि शिवडी कोळीवाड्यातलं कुणी असलं तर त्याहून उत्तम, कारण पाणी कुठपर्यंत चढतं हे नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. येत्या अष्टमीच्या आसपासचा रविवार धरलाय, सकाळी सहाला भरती मिळेल आणि ऊनही नसेल. पाणी पिऊन येऊ नका, कारण वर सांगितलंच आहे.